पाटाचे पाणी आणि परगावची माणसे

(नवी वस्ती कशी उभी राहते? ती वाढून शहर झाली म्हणजे तिथल्या शेतांचे काय होते? आणि बाहेरून आलेली माणसे त्या गावाची कधी होतात? अहिल्यानगर जिल्ह्यातील एक शहर आणि ऑस्ट्रेलियातील एक उपनगर यांच्या वाढीतून या प्रश्नांचा विचार या पाठात केला आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, मनमाडहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत तुम्ही कधी बसला आहात का? या वाटेवर एक गंमत आहे. गाडी श्रीरामपूर शहरात थांबते. पण रेल्वेने या स्टेशनाला नाव दिले ते ‘बेलापूर’. खरे बेलापूर गाव तर तेथून काही किलोमीटर दूर, प्रवरा नदीच्या काठी आहे. मग स्टेशन बेलापूरचे आणि शहर श्रीरामपूरचे, असे कसे झाले?

उत्तर सोपे आहे. स्टेशन आधी आले, शहर मागून आले.

दौंड-मनमाड हा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्या वेळी जवळचे नाव असलेले गाव बेलापूर. म्हणून स्टेशनाला त्याचेच नाव मिळाले आणि लोक त्या जागेला ‘बेलापूर रोड’ म्हणू लागले. आज जिथे दुकाने, शाळा आणि दवाखाने दिसतात, तिथे तेव्हा शहर नव्हते.

हा सारा मुलूख कमी पावसाचा. लोहमार्ग सुरू होण्याच्या थोडे आधी, १८७६-७७ साली, येथे भीषण दुष्काळ पडला होता. शेती पावसावर अवलंबून होती. बाजरी आणि ज्वारी हीच मुख्य पिके. पाऊस आला तर पीक, नाही तर उपास! अशा शेतीला मराठीत ‘जिरायत’ म्हणतात. विहिरीच्या किंवा पाटाच्या पाण्यावर होणारी शेती म्हणजे ‘बागायत’. हे दोन्ही शब्द तुम्हांला ओळखीचे वाटले ना? ‘जिराअत’ म्हणजे शेती आणि ‘बाग’ हे तुमच्या उर्दूतही आहेत. जमीन, मजूर, बाजार, शहर हे शब्दही असेच दोन्ही घरचे. आपल्या गोष्टीत ते पुन्हा पुन्हा येणार आहेत.

जिरायतीची बागायत व्हायला पाणी हवे. ते आले अकोले तालुक्यातून. तेथे भंडारदरा येथे प्रवरा नदीवर सुमारे ८२ मीटर उंचीचे दगडी धरण बांधण्यात आले. काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पूर्ण झाले. धरणात साठलेले पाणी नदीतूनच खाली येते. संगमनेर तालुक्यातील ओझर येथे नदीला बंधारा घातलेला आहे. तेथे पाणी अडते आणि दोन कालव्यांत वळते. त्यांपैकी डावा कालवा श्रीरामपूरकडे येतो. खेड्यातली माणसे कालव्याला ‘पाट’ म्हणतात. पाट आला आणि रानाचा रंग पालटला. बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला.

पण मित्रांनो, नुसते पाणी आल्याने ऊस पिकत नाही. ऊस हे वर्षभराचे, कष्टाचे आणि खर्चाचे पीक आहे. कोणत्या महिन्यात लागण करावी, किती पाण्याच्या पाळ्या द्याव्यात, खत किती घालावे, गुऱ्हाळात रस किती आटवला म्हणजे गूळ चांगला उतरतो, हे सारे ठाऊक असावे लागते. जिरायत करणाऱ्या शेतकऱ्याला याची सवय नव्हती. ज्यांना सवय होती ते परगावी होते.

पुणे जिल्ह्यातील सासवड परिसरातले माळी शेतकरी नीरा नदीच्या कालव्यावर बागायत करण्यात तरबेज झाले होते. गोदावरी आणि प्रवरा यांच्या कालव्यांना पाणी आले, तेव्हा त्यांच्यातील अनेक कुटुंबे बैलगाड्या जुंपून इकडे आली. त्यांच्याजवळ येथे स्वतःची जमीन नव्हती. त्यांनी ती खंडाने घेतली. म्हणजे ठरावीक मोबदला देऊन काही वर्षांसाठी कसायला घेतली. शेतातच छपरे घातली, चुली मांडल्या. अशा शेतातल्या घरांना आपण ‘वस्ती’ म्हणतो. एका वस्तीच्या दोन वस्त्या झाल्या, दोनांच्या दहा झाल्या.

मागोमाग कारखाने आले. हरेगाव येथे बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. १९३३ साली टिळकनगरचा उद्योग सुरू झाला. कारखान्याला ऊस हवा, उसाला मजूर हवेत, मजुरांना बाजार हवा. गूळ आणि साखर बाहेर पाठवायला रेल्वे तर होतीच. मग बेलापूर रोडच्या स्टेशनाभोवती आडत्यांच्या पेढ्या, किराणा दुकाने, सुतार-लोहारांची कामे सुरू झाली. कोणी कोठून आला, कोणी कोठून. पाण्याने शेत दिले, रेल्वेने बाजार दिला आणि परगावच्या माणसांनी घाम दिला. या तिघांच्या मेळातून श्रीरामपूर उभे राहिले.

या वाढीला दुसरीही बाजू आहे. तीही तुम्हांला ठाऊक हवी. खाजगी साखर कारखान्यांच्या मळ्यांसाठी या भागातील हजारो एकर जमीन शेतकऱ्यांकडून खंडाने घेतली गेली. जमीन घेतली ती काही वर्षांसाठी, पण ती लवकर परत मिळाली नाही. १९६१ साली शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा झाला. कारखान्यांकडची जमीन सरकारकडे आली आणि १९६३ साली स्थापन झालेले शेती महामंडळ ती कसू लागले. मूळ मालक ‘खंडकरी शेतकरी’ या नावाने झगडत राहिले. आजोबांनी दिलेली जमीन नातवाला मिळू लागली ती २०१२ पासून! शिवाय जिथे पाणी बेसुमार दिले गेले, तिथे जमिनी खारावल्या आणि चोपण झाल्या. पाटाचे पाणी वरदान खरे, पण वापरणाऱ्याला मोजमाप कळले तरच.

आणि शहर वाढले तसे शेत मागे सरले. स्टेशनाजवळची रानेच आधी घरांखाली गेली. एके काळी उसाला पाणी देणारा पाट आज घरांच्या रांगांमधून वाहतो.

आता तुम्ही म्हणाल, हे आमच्याच जिल्ह्यात घडले का? नाही. जगात अनेक ठिकाणी असेच घडले आहे. त्यातील एका जागेकडे जाण्याची वाट आपल्या नगरमधूनच निघते.

नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात मौलाना आझाद कैदेत होते आणि तेथेच त्यांनी ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे लिहिली, हे तुम्ही तुमच्या उर्दूच्या तासाला ऐकले असेल. त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या महायुद्धात, इंग्रज सरकारने नगरमध्ये आणखी एका प्रकारचे कैदी ठेवले होते. ते होते जर्मन नागरिक. त्यांतील अनेकांनी लढाईत भागही घेतला नव्हता. कोणी व्यापारी, तर कोणी धर्मप्रचारक. इंग्लंड आणि जर्मनी यांचे युद्ध १९१४ साली सुरू झाले आणि एका दिवसात हे शेजारी ‘शत्रू’ ठरले.

त्याच युद्धात इंग्रजांच्या दुसऱ्या मुलखात, ऑस्ट्रेलियात, एका गावावर काय वेळ आली ते पाहा.

त्या गावाचे नाव क्लेमझिग. १८३८ सालच्या नोव्हेंबर महिन्यात ‘प्रिन्स जॉर्ज’ नावाचे जहाज दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागले. त्यात प्रशिया या जर्मन राज्यातले शेतकरी आणि कारागीर होते. तेथील राजाने ठरवून दिलेली उपासनेची पद्धत त्यांना मान्य नव्हती. आपल्या श्रद्धेप्रमाणे प्रार्थना करता यावी म्हणून त्यांनी घरदार सोडले. ऑगस्ट काव्हेल हे त्यांचे धर्मगुरू होते. जॉर्ज फाइफ अँगस या इंग्रज गृहस्थाने त्यांना प्रवासासाठी पैसे दिले आणि टॉरेन्स नदीच्या काठी आपली जमीन भाड्याने दिली. ती जागा अ‍ॅडलेड शहरापासून सुमारे ६ किलोमीटरांवर होती. मुळात तो मुलूख काउर्ना या आदिवासी लोकांचा; पण जमिनीचा व्यवहार करताना त्यांना कोणी विचारले नाही.

आलेल्या लोकांनी आपल्या मागे राहिलेल्या गावाचेच नाव नव्या वस्तीला दिले. नदीचे पाणी होते, जवळ शहराचा बाजार होता, हातांना शेतीची सवय होती. श्रीरामपूरला जे तीन धागे जुळले, तेच येथेही जुळले. क्लेमझिगचा भाजीपाला, दूध आणि लोणी अ‍ॅडलेडला जाऊ लागले. ही माणसे घरी, शाळेत आणि प्रार्थनेत जर्मन बोलत. बाजारात मात्र त्यांनी इंग्रजी शिकून घेतली. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि बाजारात मराठी बोलता, तसेच हे.

जमीन भाड्याची असल्याने अनेक कुटुंबे पुढे स्वतःच्या जमिनीच्या शोधात दूर गेली. काही राहिली. ऐंशी वर्षे लोटली. मुलांची नातवंडे झाली. ती त्याच मातीत जन्मली आणि वाढली. तरीही महायुद्ध सुरू होताच त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. १९१७ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात जर्मन लोकांच्या ४९ शाळा बंद करण्यात आल्या. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने ६९ ठिकाणांची जर्मन नावे बदलली गेली. इंग्रजांच्या सैन्याने पॅलेस्टाइनमधील गाझा शहर नुकतेच जिंकले होते. म्हणून क्लेमझिगचे नाव ‘गाझा’ ठेवण्यात आले!

ज्यांनी त्या मातीत पहिला वाफा काढला, त्यांचे नाव पाटीवरून पुसले गेले. पण ते कायमचे पुसले गेले नाही. १९३५ साली सरकारने गावाला ‘क्लेमझिग’ हे नाव परत दिले. गंमत म्हणजे मधल्या काळातले नावही अगदीच गेले नाही. तेथील एका फुटबॉल क्लबाने ‘गाझा’ हे नाव आजवर सांभाळले आहे.

पुढे अ‍ॅडलेड शहर वाढत वाढत नदीकाठी आले. भाजीच्या वाफ्यांवर घरे झाली. आज क्लेमझिग हे अ‍ॅडलेडचे एक उपनगर आहे. पहिल्या वसाहतकऱ्यांची जुनी दफनभूमी तेथे जपून ठेवली आहे. १९८६ सालापासून या उपनगरातून एक वेगळ्याच प्रकारची बस धावते. तिच्यासाठी रुळासारखा काँक्रीटचा खास मार्ग केलेला आहे. ही पद्धत कोठून आणली असेल? जर्मनीतून! ज्यांची नावे एकदा नकोशी झाली होती, त्यांच्याच देशाचे कसब घेऊन लोक रोज कामाला जातात.

मित्रांनो, या दोन वस्त्यांत हजारो किलोमीटरांचे अंतर आहे. तरी दोघींची कहाणी एकमेकींजवळ येते. बाहेरून माणसे आली. त्यांनी दुसऱ्याच्या जमिनीवर घाम गाळला. शेत फुलले, शेतामुळे बाजार आला, बाजारामुळे शहर आले आणि शहराने शेताची जागा घेतली. शेत गेले तरी नावे उरतात. श्रीरामपुरात रेल्वेने बेलापूर जपले. क्लेमझिगने समुद्रापलीकडचे एक खेडे जपले.

गावात कोण आधी आला आणि कोण मागून आला, हा हिशेब कधी संपत नाही. तो करायला बसले तर आपल्यापैकी बहुतेकांचे आजोबा-पणजोबा कोठून तरी आलेलेच निघतील. म्हणून आज घरी गेल्यावर दादा-दादींना किंवा नाना-नानींना एवढेच विचारा : आपण या गावात कधी आलो? आलो तेव्हा पहिला घोटभर पाणी कोणी दिले? त्या घराचे नाव लक्षात ठेवा. आणि तुमच्या गल्लीत उद्या एखादे नवे बिऱ्हाड उतरले, तर पाण्याचा तांब्या घेऊन तुम्ही आधी जा.

शब्दार्थ

मुलूख – प्रदेश
बंधारा – पाणी अडवण्यासाठी नदीत घातलेली भिंत
लागण – उसाचे बेणे लावणे
पाण्याची पाळी – पिकाला एका वेळी द्यायचे पाणी
गुऱ्हाळ – उसाच्या रसाचा गूळ करण्याची जागा
खंड – दुसऱ्याची जमीन कसण्याबद्दल दिला जाणारा ठरावीक मोबदला
तरबेज – निष्णात, वाकबगार
आडत्या – दुसऱ्याचा माल विकून देणारा व्यापारी
चोपण जमीन – क्षार साठल्यामुळे नापीक झालेली जमीन
कसब – कौशल्य
बिऱ्हाड – राहायला आलेले कुटुंब

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दौंड-मनमाड लोहमार्ग केव्हा सुरू झाला?
(आ) प्रवरेचे पाणी कोठून कालव्यांत वळते?
(इ) क्लेमझिगला १९१७ च्या कायद्याने कोणते नाव मिळाले?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पाटाला पाणी आल्यावरही येथील शेतकऱ्याला ऊस पिकवणे अवघड का होते?
(आ) खंडकरी शेतकरी कशासाठी झगडत होते?
(इ) प्रशियातील शेतकऱ्यांनी आपले गाव का सोडले?

३. जिरायत आणि बागायत यांतील फरक सांगा. हे शब्द उर्दूतील कोणत्या शब्दांशी जुळतात?

४. तुमच्या गावातील किंवा मोहल्ल्यातील एखाद्या जागेचे जुने नाव मोठ्या माणसांना विचारा. ते नाव कसे पडले, हे आठ ओळींत मराठीत लिहा.