दिघोरीहून येणाऱ्यांसाठी : दवाखान्याचा खर्च, इथला आणि गावाकडचा

लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीतून किंवा आसपासच्या गावांतून अमेरिकेत येणारी मुलंमुली पहिल्या महिन्यात घरभाडं, गाडी आणि किराणा विचारतात. दवाखान्याचं कुणी विचारत नाही. म्हणून इथे वर्षानुवर्षं राहिलेल्या आम्ही काही घरांनी मिळून हे लिहिलं आहे. सांगणं मुख्यतः एकच : माणूस आजारी पडण्याआधी कागद तयार ठेवा, स्वतःचेही आणि आईबाबांचेही.

आधी गावाकडचं, कारण मोठं आजारपण बहुधा तिकडेच येतं आणि आपण तिथे नसतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. तेव्हा ती पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांची होती. ‘पोरगा अमेरिकेत आहे, आपल्याला काय मिळणार?’ असं म्हणून कितीतरी आईबाबा आजही विचारायलासुद्धा जात नाहीत. जुलै 2024 पासून ती पांढऱ्या कार्डासह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, वर्षाला 5 लाखांपर्यंत. शिवाय 70 वर्षं पूर्ण झालेल्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, तेही ऑक्टोबर 2024 पासून. गावी जाल तेव्हा सेवा केंद्रावर आईबाबांना घेऊन जा आणि दोन्ही योजनांची कामं एकदम उरका.

अडतं ते नावापाशी. आमच्यातल्या एका घरी आईच्या नावापुढे रेशनकार्डावर ‘बाई’ लागलेलं, आधारवर नाही, जन्मसालही वेगळं. आई नागपूरला भरती, आणि भाऊ दुरुस्तीसाठी लाखांदूरच्या चकरा मारतोय. तुम्ही आजच दोन्ही कागदांचे फोटो मागवून शेजारी ठेवून वाचा. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, जन्मतारीख, एकेक अक्षर जुळवा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही बघा. ओटीपी तुमच्या बंद पडलेल्या जुन्या सिमवर जात असेल तर तिथे सगळं थांबतं.

योजना भरती होऊन घ्यायच्या उपचारांची आहे आणि तीही यादीतल्याच रुग्णालयांत. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या तिच्यात येत नाहीत. त्या सरकारी दवाखान्यातून घ्याव्यात. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत, ऑगस्ट 2023 पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. नागपूरचं मेडिकल आणि मेयो वेगळ्या खात्याकडे आहेत, तिथे ही माफी धरून चालू नका. तिथे फुले योजना विचारा. खासगीत न्यायची वेळ आली तर ॲडव्हान्स भरण्याआधी भावाला आरोग्यमित्राच्या टेबलावर जायला सांगा. यादीतल्या प्रत्येक रुग्णालयात तो असतो. तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी मिळते, कागद मागाहून दिले तरी चालतात. 155388 हा योजनेचा नंबर घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी 108.

श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. सर्वसाधारणपणे महिना 1,500 रुपयांची ही मदत ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत, त्यांची आहे. तुम्ही डॉलर पाठवत असाल तर आईबाबांचा अर्ज करू नका. पण वाड्यातल्या एकट्या विधवा काकूंचा अर्ज तहसीलमध्ये अडला असेल, तर त्यांचा उत्पन्नाचा दाखला काढायला आणि बँक खातं आधारला जोडायला कुणाला तरी सोबत पाठवा.

आता इथलं. इमर्जन्सीत दवाखाना तुम्हाला तपासल्याशिवाय परत पाठवू शकत नाही, 1986 पासून तसा कायदा आहे. बिल मात्र येतं. आलेलं पहिलं बिल लगेच भरू नका. खर्चाचा तपशील मागा, विमा कंपनीचा कागद शेजारी ठेवा. रक्कम झेपत नसेल तर ‘फायनान्शियल असिस्टन्स’चा फॉर्म मागा. ना-नफा रुग्णालयांना असं धोरण ठेवावंच लागतं. मागायची लाज वाटू देऊ नका.

राज्याराज्यांत फरक फार. न्यू जर्सीत दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत उत्पन्न असेल तर चॅरिटी केअरखाली रुग्णालयाचं बिल माफ होऊ शकतं, तिपटीपर्यंत सवलत मिळते. बचत किती आहे तेही पाहतात, आणि डॉक्टरांचं वेगळं बिल त्यात येत नाही. टेक्सासने मेडिकेडची, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्याची, व्याप्ती वाढवलेली नाही, त्यामुळे तिथे मूलबाळ नसलेला धडधाकट माणूस कितीही गरीब झाला तरी त्यात बसत नाही. ग्रीन कार्ड मिळालं तरी मोठ्यांना मेडिकेडसाठी बहुतेक पाच वर्षं थांबावं लागतं. कुठलीही सरकारी मदत घेण्याआधी व्हिसाच्या वकिलाला विचाराच.

नोकरी गेली तर कोब्राखाली जुना विमा चालू ठेवायचा की नाही हे ठरवायला 60 दिवस मिळतात, आणि हप्ता भरला की तो मागच्या तारखेपासून लागू होतो. तेवढ्या दिवसांत मार्केटप्लेसवरच्या, म्हणजे सरकारी विमा-बाजारातल्या, विम्याचे भावही बघून घ्या.

बाळ होणार असेल तर एक गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगा. पूर्व विदर्भात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे आणि इथल्या डॉक्टरांना ते ठाऊक असेलच असं नाही. घरात कुणाची तपासणी झाली असेल तर ते कार्ड मागवून घ्या, दोघांचीही रक्ततपासणी करा. इथे प्रत्येक नवजात बाळाची सिकलसेलची तपासणी होते. निकाल स्वतः मागून ठेवा. आणि जन्मापासून 30 दिवसांच्या आत कंपनीच्या विम्यात बाळाचं नाव घाला.