तलंगांना अंड्यांची घाई नको

प्रश्न : माझ्याकडे पांढऱ्या लेअर जातीच्या ५०० तलंगा १५ आठवड्यांच्या झाल्या आहेत. अंडी लवकर मिळावीत म्हणून आत्ताच लेअर खाद्य आणि रात्रीचा दिवा सुरू करू का?
— एक वाचक, ता. जिंतूर, जि. परभणी

उत्तर : कृपया करू नका. लेअर खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असते, तर वाढत्या तलंगेला एक टक्का पुरते. जादा कॅल्शियमने मूत्रपिंडे खराब होतात. अंग भरण्याआधी प्रकाश वाढवला, तर अंडी लहान येतात आणि अंडनलिका बाहेर पडून पक्षी दगावतात.

दर आठवड्याला २५-३० पक्ष्यांचे वजन करा. अठराव्या आठवड्याला वजन साधारण १२०० ग्रॅम हवे. तुरा लाल झाला, ओटीपोटाच्या हाडांत दोन बोटे बसू लागली, की तलंग तयार समजा. मग प्रकाश दर आठवड्याला अर्धा तास वाढवत सोळा तासांवर न्या. पहिली अंडी दिसताच लेअर खाद्य द्या.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात पक्षी कमी खातात, म्हणून खाद्य पहाटे व सायंकाळी टाका. शंका आली, तर परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जरूर दाखवा. आजचा धीर वर्षभर अंडी देईल.