बांधावरचा वार रागाच्या भरात होत नाही

माझ्या बालमित्रावर त्याच्याच शेतात कोयत्याने वार झाले. तो वाचला. पण तेव्हापासून ‘रागाच्या भरात झालं’, ‘टाळी एका हाताने वाजत नाही’, ‘आता मिटवून घ्या’ हे इतक्या शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे, की त्यांना एकदा रीतसर उत्तर द्यायलाच हवं. माझं म्हणणं असं आहे की बांधावरचा हल्ला अचानक होत नाही. त्याची चाहूल हंगामच्या हंगाम लागलेली असते आणि ती कागदावर आणता येते. ती आणू न देणारी माणसं बहुतेक वेळा आपलीच भावकी असते, आणि हल्ला करणाऱ्याला धीर मिळतो तो तिथूनच.

क्रम पाहा. प्रत्येक नांगरटीला बांध एखादं तास सरकतो. मग हद्दीचा दगड दिसेनासा होतो, पाइपलाइन फुटते, बैलगाडीची वाट काट्या टाकून अडवली जाते आणि ‘बघून घेतो’ हे चारचौघांत म्हटलं जातं. यातलं एकही रागाच्या भरात झालेलं नसतं. प्रत्येक वेळी समोरचा काही करत नाही ना, एवढंच तपासलं जात असतं. यावर सांगतात, शेतकऱ्याच्या हातात कोयता असतोच, त्यावरून पूर्वतयारी कशी ठरवता? ऊसतोडीला किंवा वैरण कापायला कोयता असतो, हे मान्य. पण रात्रीच्या लाइटच्या पाळीला माणूस एकटा दारं धरत असताना, ज्यांचं त्या रानात काहीच काम नाही अशी माणसं कोयता आणि लोखंडी पाइप घेऊन येतात, तेव्हा हा युक्तिवाद टिकत नाही. राहिली दोन्ही हातांच्या टाळीची गोष्ट. मित्राच्या जखमा डाव्या हाताच्या बाहेरच्या बाजूला, तळव्यावर आणि मानेच्या मागे आहेत. वार अडवायला हात वर केला की तिथे लागतं आणि पळायला पाठ फिरवली की मानेवर लागतं. या जखमांची जागा बघून मग दोघांची चूक काढावी.

म्हणून पहिलं सांगणं, हद्द तोंडी ठेवू नका. सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द सांगत नाही. भावाभावांत वाटप होऊन सातबारे वेगळे झाले तरी पोटहिस्स्याची मोजणी झालेली नसते, आणि निम्मी भांडणं तिथूनच उगवतात. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा, लगतच्या खातेदारांना नोटीस गेली आहे ना ते पाहा आणि मोजणीची ‘क’ प्रत घरात ठेवा. वाट अडवली असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे जाता येतं. धमकीची तक्रार दिली की ठाण्यात अदखलपात्र म्हणून ‘एनसी’ करून घरी पाठवतात, हे मलाही ठाऊक आहे. तरी ती एनसी घ्या. तिच्याच आधारावर चॅप्टर केसची, म्हणजे शांतता राखण्याचा जामीन घेण्याच्या कारवाईची, मागणी लेखी करता येते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 107 खाली व्हायची. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली होते. जमिनीच्या ताब्यावरूनच शांतता बिघडेल अशी स्थिती असेल, तर त्याच नव्या संहितेचं कलम 164 आहे. आणि रात्री पाणी द्यायला एकट्याने जाऊ नये, एवढं तर कोणीही सांगेल.

तक्रारीने वैर वाढतं, पिढ्यान्‌पिढ्या पुरतं, हा आक्षेप सगळ्यात वजनदार. गावात रोज तोंड बघायचं असतं, हे मी हलकं समजत नाही. 2007 साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने पुष्कळ वाद चावडीवर मिटवले, तेही खरं. पण जिथे दोन्ही बाजू लेखी देतात आणि पाळतात, तिथेच ते जमलं. जिथे एकालाच ‘तू मोठा, तू सोड’ म्हणून सांगितलं जातं, तिथे वैर मिटत नाही. फक्त दुसऱ्याला कळतं की याच्या पाठीशी कोणी नाही.

हल्ला झालाच तर आधी जीव. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका, 108 ला फोन करा. बोट तुटलं असेल तर ते ओलसर स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर नको. दवाखान्यात ‘पडून लागलं’ असं चुकूनही सांगू नका. पोलिसांचं लचांड नको म्हणून नातेवाईक हे वाक्य हमखास बोलतात, ते केसपेपरवर उतरतं आणि पुढे कोर्टात आरोपीचा वकील तेच वाचून दाखवतो. एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, अशी नोंद करायला लावा. रक्ताचे कपडे धुऊ नका, कागदात गुंडाळून पोलिसांकडे पंचनाम्यात द्या. जखमी माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत असेल किंवा नेहमीची कामं करू शकत नसेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 प्रमाणे ती गंभीर दुखापत ठरू शकते. म्हणून डिस्चार्जचे आणि ड्रेसिंगचे सगळे कागद जपा. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केलं आहे. प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नोंदवून घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा.

मग उलटी तक्रार येते. जखमी माणूस टाके घालून पडलेला असताना त्याच्यावरच मारहाणीचा गुन्हा दाखल होतो, ‘दोघंही मागे घ्या’ म्हणायची सोय व्हावी म्हणून. याचा संताप अजून माझ्या मनातून गेलेला नाही. मिटवायला येणाऱ्यांना एवढंच विचारा: खुनाचा प्रयत्न हा गुन्हा कायद्याने तडजोडीचा नाही, तो खटला सरकारचा असतो, मग मिटवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? जखमी माणसाने साक्षीच्या पिंजऱ्यात शपथेवर ‘मला कोणी मारलं ते दिसलं नाही’ म्हणायचं, हाच त्याचा अर्थ. त्याऐवजी सरकारी वकिलांना भेटा, जामिनाला विरोध करायचा असेल तर तसा अर्ज द्या. पीडिताला प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडायचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये लखीमपूर खीरी प्रकरणात जामीन रद्द करतानाच सांगितलं आहे. साक्षीदारांवर दबाव येत असेल तर 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा पातळीवरच्या समितीकडे अर्ज करता येतो. तो साक्ष सुरू होण्याआधी करा, साक्षीदार फितूर झाल्यावर नव्हे.