ससा खात नाही? उद्यापर्यंत थांबू नका


बऱ्याच सभासदांकडे मुलांच्या हौसेखातर दोन-चार ससे आहेत. "काल चांगला होता, आज मेला" असं ऐकलं की आधी दोन गोष्टी तपासा: पोट आणि ओला पिंजरा.

*१) पोट कसं चालतं*
सशाला उलटी होत नाही. खाल्लेलं पुढेच सरकलं पाहिजे आणि ते सरकवतो गवतातला चोथा. चोथा कमी पडला की आतडं मंदावतं, गॅस धरतो, पोट दुखतं. दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. या फेऱ्यात एक-दोन दिवसांत जीव जातो.

*२) रोज सकाळी लेंड्या बघा*
▪️ गोल, कोरड्या, हरभऱ्याएवढ्या: पोट ठीक.
▪️ बारीक, कमी, केसांनी माळेसारख्या जोडलेल्या: गवत आणि पाणी वाढवा.
▪️ मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारख्या: हा जुलाब नाही. ससा त्या स्वतः खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. मात्र रोज तशाच पडून राहत असतील तर खुराक कमी करा.
▪️ पाण्यासारखे जुलाब: लगेच दवाखाना. दूध सुटलेल्या पिल्लांत पोट फुगून जुलाब लागले तर कॉक्सिडियाची शंका घ्या.

*३) चारा-पाणी*
वाळलेलं गवत (मारवेल चालेल) दिवसरात्र समोर हवं. ओला किंवा ढिगात तापलेला हिरवा चारा देऊ नका, सुकवून द्या. भाकरी, चपाती, बिस्कीट, बुरशी आलेली पेंड बंद. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. स्वच्छ पाणी कायम भरलेलं ठेवा.

*४) पिंजरा*
लेंड्या आणि ओलं गवत रोज काढा. गव्हाण, पाण्याचं भांडं उंचावर बांधा, म्हणजे चाऱ्यात लेंड्या पडत नाहीत. कॉक्सिडिया याच वाटेने पोटात जातो. शेपटीखालची जागा पावसाळ्यात दिवसातून दोनदा बघा. घाणीवर माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात. तेवढाच भाग ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा. पूर्ण आंघोळ घालू नका.

*५) हे करू नका* ❌
▪️ घरातली ॲमॉक्सिसिलीनची गोळी देऊ नका. सशाच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि ससाही दगावतो.
▪️ गोचीड-पिसवांचं फिप्रोनिल असलेलं कुत्र्याचं औषध सशाला लावू नका. ते त्याला विषारी आहे.
▪️ फुगलेल्या सशाच्या तोंडात तेल, सोडा ओतू नका.

*६) दवाखान्यात कधी?*
१०-१२ तास खाल्लं नाही, लेंड्या बंद, पोट टणक, दात करकरवतोय, कोपऱ्यात आखडून बसलाय किंवा अळ्या दिसल्या, तर त्याच दिवशी न्या. शेळीला एखादा दिवस बघू म्हणतो, तसं सशाला चालत नाही. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी टोल-फ्री क्रमांक १९६२.

शंका असल्यास लेंड्यांचा फोटो पाठवा. पण ससा खात नसेल तर आमच्या उत्तराची वाट बघू नका, आधी डॉक्टर गाठा.

– कृषी सल्ला विभाग