केळ्यावरचं चिलट

मेसमधली केळी जरा जास्त पिकली की त्यांच्याभोवती तांबड्या डोळ्यांची बारीक चिलटं जमतात. शास्त्रात यांना ड्रॉसोफिला म्हणतात. आंब्यात अळी पाडणारी, बागायतदारांची वैरी असलेली फळमाशी ती वेगळी.

चिलटाला फळापेक्षा त्यावर वाढलेलं यीस्ट प्रिय. ते आंबलेल्या फळात अंडी घालतं आणि अळ्या यीस्टवर पोसतात. चिलटाच्या अंगाला चिकटलेलं यीस्ट दुसऱ्या फळावर पोहोचतं आणि कुजण्याचं काम पुढे सरकतं. कोळ्यांचं पोट भरतं ते वेगळंच.

प्रयोगशाळेत याचे गुण निराळे. 25 अंश सेल्सिअसला साधारण 10 दिवसांत नवी पिढी, गुणसूत्रांच्या फक्त 4 जोड्या, आणि राहायला दुधाची बाटली पुरे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 1910 मध्ये थॉमस हंट मॉर्गन यांना पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. त्याच्या पुढच्या पिढ्या तपासल्यावर कळलं, की डोळ्यांच्या या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं.

पुढची गोष्ट खास आपल्यासाठी. मॉर्गन यांच्याकडे आल्फ्रेड स्टर्टेव्हंट हा पदवीचा विद्यार्थी काम करी. एकाच गुणसूत्रावरची दोन जनुकं जितकी लांब, तितकी ती पुढच्या पिढीत जास्त वेळा वेगळी होणार, हे त्याच्या लक्षात आलं. 1911 मध्ये कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवून त्याने चक्क नाईट मारली आणि जनुकांचा जगातला पहिला नकाशा काढला! 1913 मध्ये तो छापून आला. हत्यार काय, तर टक्केवारी.

1971 मध्ये कॅलिफोर्नियात सीमोर बेंझर यांचा विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का याला अशी चिलटं सापडली, की त्यांचा 'दिवस' 24 ऐवजी 19 किंवा 28 तासांचा होता. त्याच धाग्यावरच्या पुढील संशोधनाला 2017 चं नोबेल मिळालं. नाईट मारल्यावर सकाळच्या लेक्चरला डोळे का मिटतात, याचं बरंचसं उत्तर त्या घड्याळात आहे. तशीच जनुकं आपल्यातही आहेत.

आपल्या व्हायव्हात पहिला प्रश्न ठरलेला, "याचा उपयोग काय?" 1910 मध्ये मॉर्गन यांना कोणी हेच विचारलं असतं, तर झोपेच्या घड्याळाबद्दल त्यांना काहीच सांगता आलं नसतं. माझ्या मते, प्रोजेक्ट निवडताना एवढं आठवलं तरी पुष्कळ झालं.