बंद पडलेला सप्लाय बंद नसतो

माझ्या उजव्या तळहातावर, अंगठ्याच्या बुडाशी, दोन बारीक पांढरे ठिपके आहेत. दोहोंत अंतर सुमारे दहा मिलिमीटर. चारशे व्होल्टच्या मोठ्या कपॅसिटरच्या दोन पायांमध्येही साधारण तेवढंच अंतर असतं. दुकानात नवा पोरगा शिकायला आला की मी आधी त्याला हा हात दाखवतो आणि मग सोल्डरिंग आयर्न देतो.

गणपती दोन दिवसांवर आले होते. गल्लीतल्या मंडळाचा एक मुलगा पॉवर्ड स्पीकर रिक्षात घालून घेऊन आला. "काका, काल नाटकाच्या तालमीला मस्त वाजला, आज लाइटच लागत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत काहीही करून द्या." मी हो म्हणालो. तिथेच पहिली चूक झाली.

आत स्विचिंग सप्लाय होता. जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये किलो-दोन किलोचा ट्रान्सफॉर्मर घरची वीज आधी उतरवायचा, मग तिची डीसी व्हायची. इथे उलटं असतं. 230 व्होल्ट तसेच्या तसे ब्रिजमधून जातात, सुमारे 325 व्होल्ट डीसी होऊन मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतात. मग मॉस्फेट ही डीसी सेकंदाला हजारो वेळा जोडतो-तोडतो, म्हणून फेराइटचा मुठीएवढा ट्रान्सफॉर्मरही पुरतो. वजन वाचतं, पण सबंध 325 व्होल्ट उघड्या बोर्डावर येऊन बसतात.

मी प्लग लावून पाहिला. लाइट नाही, आवाज नाही. प्लग काढला. फ्यूज पाहिला तर शाबूत. "चला, मोठं काही गेलेलं नाही," असं मनात म्हणत स्क्रू काढले आणि खालचं सोल्डरिंग बघायला बोर्ड तळहातावर उलटा घेतला.

पुढचं मला नीट आठवत नाही. हात आपोआप मागे फेकला गेला, कोपर लोखंडी कपाटावर आपटलं आणि बोर्ड फरशीवर पडला. झटका अंगठा आणि तळहात यांच्यामध्येच फिरला, छातीतून गेला नाही, हे माझं नशीब. डावा हात त्या क्षणी स्पीकरच्या पत्र्यावर असता तर हा लेख दुसऱ्या कुणाला लिहावा लागला असता.

बोर्ड उचलला तर फेराइटचा गाभा तडकलेला. तसा ट्रान्सफॉर्मर सुटा मिळत नाही. मंडळाने त्या वर्षी भाड्याचा स्पीकर आणला आणि भाडं मी भरलं. गणपती गेल्यावर निवांत तपासलं तेव्हा मूळ दोष सापडला: कंट्रोल आयसीला सुरुवातीची वीज पुरवणारा एक रेझिस्टर ओपन झालेला. किंमत चहाच्या कपापेक्षा कमी.

तो रेझिस्टर हातात घेतल्यावर झटक्याचं कोडंही सुटलं. चांगला सप्लाय प्लग काढल्यावर क्षणभर धावत राहतो आणि स्वतःची साठवण स्वतःच पिऊन टाकतो, म्हणून स्विच बंद केल्यावर लाइट सावकाश विझतो. पण ज्याचं चक्रच सुरू होत नाही, त्याची साठवण कोण पिणार? प्लग लावला तेव्हा कपॅसिटर काठोकाठ भरला आणि प्लग काढल्यावर तसाच भरलेला राहिला. स्वस्त बोर्डात तो रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर बसवलेलाच नसतो, किंवा असला तरी तोच गेलेला असू शकतो. म्हणून माझा नियम सरळ आहे. फ्यूज शाबूत आणि सप्लाय मुका, तर कपॅसिटर भरलेला धरायचा. मी ज्याला शुभशकुन समजलो, तीच धोक्याची खूण होती.

ज्यांना मीटरची सवय नाही, त्यांनी ही पेटी उघडूच नये. ज्यांना उघडायची आहे, त्यांच्यासाठी माझा क्रम असा.

प्लग काढायचा, पाच मिनिटं थांबायचं, पण त्या पाच मिनिटांवर विश्वास ठेवायचा नाही. मीटर डीसी हजार व्होल्टवर लावून मोठ्या कपॅसिटरच्या दोन पायांवर मोजायचं. व्होल्ट असतील तर स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची नाही. त्याने टोकही जळतं आणि ट्रॅकही. 2.2 किलोओहम, दहा वॉटचा रेझिस्टर नीट झाकलेल्या वायरींना जोडून ठेवावा. 220 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्यावर दोन-तीन सेकंदांत रिकामा होतो. पुन्हा मोजायचं, आणि पाचच्या खाली आकडा दिसल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही. हे करताना डावा हात खिशात असावा.

मग सप्लाय आणि ॲम्प्लिफायर वेगळे करा. पुष्कळदा दोषी सप्लाय नसतोच. ॲम्प्लिफायरचे आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाले की सप्लाय चालू होतो, दचकतो, बंद होतो, पुन्हा चालू होतो. कान लावला तर टक्-टक्-टक् ऐकू येतं. ॲम्प्लिफायर सोडवल्यावर टकटक थांबली आणि व्होल्ट नीट आले तर सप्लायला सोडा. तरीही टकटक राहिली तर आउटपुटचे डायोड शॉर्ट आहेत का बघा, आणि कंट्रोल आयसीजवळचा छोटा कपॅसिटर तपासा. 3842 जातीचा आयसी सुमारे 16 व्होल्टला जागा होतो आणि 10 च्या खाली झोपतो. तो कपॅसिटर सुकला की आयसी जागा होतो न होतो तोच परत झोपी जातो.

फ्यूज काळा पडलेला असेल तर नुसता फ्यूज बदलू नका, आणि त्या जागी वाइंडिंगची तार तर कधीच नको. मॉस्फेट शॉर्ट झाला की त्याच्यासोबत गेटचा रेझिस्टर, करंट मोजणारा एक ओहमहून कमी असलेला रेझिस्टर आणि बहुधा आयसीही जातो. मी एकदा फक्त मॉस्फेट बदलून थेट प्लग लावला होता. नवा मॉस्फेट डोळ्यांसमोर फुटला आणि त्याचा तुकडा चष्म्याच्या काचेवर आपटला. तेव्हापासून दुरुस्तीनंतरचा पहिला प्लग सिरीज बल्बमधूनच लागतो. तारेचा जुना साठ किंवा शंभर वॉटचा बल्ब हवा, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर चमकून विझला तर बरं. भरभरून पेटलेलाच राहिला तर आत अजून शॉर्ट आहे. मात्र सिरीज बल्ब बोर्ड वाचवतो, माणसाला नाही. शॉक तेवढाच बसतो.

स्पीकर चालू होतो, पण ढोलकीची थाप पडली की आवाज तुटतो, अशी तक्रार आली तर आउटपुटचे कपॅसिटर सुकलेत का पाहा. वरून फुगलेला तर लगेच कळतो. न फुगलेला फसवतो. साध्या मीटरवर मायक्रोफॅरड बरोबर दिसतात, पण आतला अडथळा वाढलेला असतो. तो ईएसआर मीटरवरच सापडतो. बदलताना 105 अंशांचा, कमी ईएसआरचाच घ्या, आणि मॉस्फेट ओळखीच्या दुकानातून घ्या. लॅमिंग्टन रोडला काय किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ काय, नाव खरवडून नवं छापलेला माल मीही घेऊन पस्तावलो आहे.

राहिली एक गोष्ट, जी दुरुस्तीवाल्याला नाही तर गाणाऱ्याला मारू शकते. ट्रान्सफॉर्मरच्या गरम आणि थंड बाजूंमध्ये एक छोटा, बहुधा निळा कपॅसिटर असतो, वाय जातीचा. तो गेला तर त्याच जातीचा आणा, डब्यातला कुठलातरी लावू नका. साधा कपॅसिटर शॉर्ट झाला तर मेन्सची वीज थेट माइकच्या जाळीपर्यंत पोचते, आणि ती जाळी कुणाच्या तरी ओठांना लागलेली असते. भुणभुण जावी म्हणून अर्थिंगची पिन मोडणारे याच वाटेवर चालत असतात.

आता तो 2.2 किलोओहमचा रेझिस्टर माझ्या टेबलावर लाल वायरीला लटकलेला असतो. शिकणाऱ्या पोरांना एक सक्ती आहे: बोर्डाला हात लावण्याआधी मीटरचा आकडा मोठ्याने सांगायचा. गेल्या आठवड्यात एकाने बंद सप्लायवर प्रोब टेकवले आणि काही बोललाच नाही. मी मान वर केली. तो कुजबुजल्यासारखा म्हणाला, "तीनशे अकरा." प्लग निघून वीस मिनिटं झाली होती. मी त्याला लाल वायर दिली आणि डावा हात खिशात घालायला सांगितलं.