संगणकीय नोंदींच्या राखीव प्रती : इन्क्रिमेंटल पद्धतीची निवड

दूध संकलन संस्था, सेवा सहकारी सोसायट्या आणि निर्यातीसाठी द्राक्षे पिकविणारे बागाईतदार यांच्या नोंदी आता बहुतांशी संगणकात असतात. डिस्क निकामी झाल्यास दहा दिवसांच्या दुधाचा हिशेब किंवा हंगामभराच्या फवारण्यांची नोंद एकाएकी नाहीशी होते. म्हणून राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, काढून ठेवावा लागतो. रोज सर्व नोंदींची प्रत काढणे वेळेच्या व जागेच्या दृष्टीने परवडत नाही. यास्तव केवळ बदललेला भाग उचलण्याच्या पद्धती प्रचारात आल्या.

त्यांपैकी दोन मुख्य होत. इन्क्रिमेंटल पद्धतीत लगतच्या मागील प्रतीनंतर जेवढे बदलले तेवढेच घेतात. डिफरन्शियल पद्धतीत मागील पूर्ण प्रतीनंतर बदललेले सर्व काही दर वेळी पुन्हा घेतात. समजा, एका संस्थेच्या नोंदी ४० गिगाबाइट असून रोज अर्ध्या गिगाबाइटची भर पडते. रविवारी पूर्ण प्रत काढल्यास पुढील सहा दिवसांच्या इन्क्रिमेंटल प्रतींना एकूण ३ गिगाबाइट जागा लागते, तर डिफरन्शियल प्रतींना १०.५ गिगाबाइट. एवढ्यावरून पहिली पद्धत किफायतशीर वाटते. परंतु पद्धतीची खरी पारख नोंदी परत उभ्या करावयाच्या दिवशी होते. शनिवारी रात्री डिस्क गेली, तर डिफरन्शियल पद्धतीत रविवारची व शनिवारची अशा दोन प्रती पुरतात. इन्क्रिमेंटल पद्धतीत सातही शाबूत असाव्या लागतात. बुधवारची प्रत वाचता आली नाही, तर त्या दिवशी बदललेल्या व पुढे न बदललेल्या फाइली हाती लागत नाहीत. एकाच संगणकाच्या लहान संस्थेने साडेसात गिगाबाइट वाचविण्यासाठी हा धोका पत्करू नये. तिने आठवड्यास पूर्ण प्रत व रोज डिफरन्शियल प्रत काढावी.

शेकडो गिगाबाइटच्या सर्व्हरची गोष्ट निराळी. तेथे रात्रीच्या मोजक्या तासांत काम उरकावयाचे असल्याने इन्क्रिमेंटल पद्धतच योजावी लागते. मात्र हिशेबाच्या अनेक प्रणाली सर्व नोंदी एकाच मोठ्या फाइलीत ठेवतात. साधी पद्धत फाइल बदलली किंवा नाही एवढेच पाहते. एका सभासदाची एक नोंद वाढली तरी संपूर्ण फाइल उचलली जाते आणि बचत काहीच होत नाही. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेली आरसिंक प्रणाली अशा फाइलीचे खंड पाडून ते ताडून पाहते व बदललेला भागच जाळ्यावरून पाठविते. रेस्टिक आणि बोर्ग या नंतरच्या प्रणाली प्रत्येक खंड एकदाच साठवितात. त्यामुळे कोणत्याही दिवसाची प्रत पूर्ण असल्याप्रमाणे परत घेता येते आणि जुनी प्रत काढून टाकल्याने नवी अडत नाही. सर्व्हरसाठी हीच पद्धत अधिक सोयीची होय. तथापि एखादा खंड बिघडला, तर तो वापरणाऱ्या सर्व दिवसांच्या प्रती बिघडतात; म्हणून साठ्याची तपासणी नियमाने करावी. रेस्टिकचा साठा सांकेतिक असतो. परवलीचा शब्द हरवल्यास तो उघडता येत नाही, यास्तव तो कागदावर लिहून तिजोरीत ठेवावा.

नोंदी चालू असताना डेटाबेसच्या फाइलींची नक्कल केल्यास ती विसंगत निघू शकते. प्रथम डेटाबेसचीच निर्यात घ्यावी व मग त्या निर्यातीची प्रत काढावी.

पद्धत कोणतीही असो, प्रतींची एक डिस्क काम होताच सोडवून दुसऱ्या इमारतीत ठेवावी. मे २०१७ मधील वॉनाक्रायसारखे खंडणीखोर प्रोग्रॅम जोडलेल्या डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद करतात.

दर तीन महिन्यांनी दुसऱ्या संगणकावर प्रत उतरवून पाहावी. तीत कोणत्याही एका सभासदाची एका दिवसाची नोंद उघडावी आणि त्याच्याजवळील छापील पावतीशी ती लिटर व फॅटसह ताडून घ्यावी.